एका दिवसात दोन मुक्काम

माझं चपला-बुटांचं दुकान आहे. लोक चालतात म्हणून माझं पोट चालतं, हे मी नाकारत नाही; पण म्हणून मी स्वतः चाललं पाहिजे असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. मी घर ते दुकान एवढंच चालतो, आणि घर दुकानाच्या वरच्याच मजल्यावर आहे.

अशा माणसाच्या बहिणीला नवरा मिळाला तो चालण्याचं वेड लागलेला. वेड म्हणजे सकाळी बागेत चार फेऱ्या मारून घरी येऊन पाय दाबून घ्यायचे, तसलं नव्हे. पाठीवर पिशवी टाकून डोंगर, कुरणं, ओढे ओलांडत आठ-आठ दिवस एकाच वाटेनं जायचं, रात्री वाटेवरच्या मुक्कामघरात फळीवर झोपायचं, आणि दाढी वाढवून, दोन किलो कमी होऊन परत यायचं. परत आल्यावर जगात जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं चहा मागायचा. ताईनं सुरुवातीला चिडून पाहिलं, रडून पाहिलं, मग हात टेकले. "तो पिऊन गटारात पडत नाही, चालून चिखलात पडतो, एवढंच," असं ती शेजारणींना सांगते.

भाऊजींचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. उंच इमारतींच्या अंधाऱ्या खोबणीत, तेलकट तारांच्या शेजारी त्यांची उमर गेली. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं घाबरून दार बडवायला लागतात. अशा वेळी भाऊजी आधी हत्यारांच्या पेटीला हात लावत नसत. दाराला तोंड लावून ते विचारत, "आत किती जण आहात? बसून घ्या पाहू सगळे. मी इथंच बाहेर उभा आहे, कुठं जात नाही." मग कामाला लागत. हे मी त्यांच्या आवाजात प्रत्यक्ष ऐकलंय, कारण एकदा आत मीच होतो. दाताच्या डॉक्टरकडे निघालो होतो, त्यामुळे अडकल्याचं मला फारसं दुःख नव्हतं. तरी तो आवाज ऐकून मी खाली बसून घेतलं. तेव्हापासून या माणसाची मी कितीही टिंगल केली तरी मनातून मानत आलो.

त्यांची एक सवय मात्र आमच्या घरात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती. वाटेवरचं एकही मुक्कामघर ते चुकवत नाहीत. राहायचं असो वा नसो, आत जातात, तिथल्या राखणदारापुढं उभे राहतात आणि विचारतात, "माझ्यासाठी काही निरोप?" खिशात मोबाइल असतो, त्याला रेंज असते, तरी हे विचारणं आहेच. निरोप कधीच नसतो. मग ते मान हलवून पुढं निघतात. ताई म्हणायची, याला कुठल्या तरी मुक्कामघरात राणीचं पत्र यायचंय. मी म्हणायचो, राणीचं कसलं, माझ्या दुकानातून नेलेल्या बुटांचा तगादा असेल.

भाऊजींना एक धाकटा भाऊ. त्याची बेकरी आहे. दोघं भाऊ म्हणजे एकाच ताटातले, असं ताई लग्नानंतर कौतुकानं सांगायची. पण त्यांची आई गेली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. त्यालाही आता सहा वर्षं होत आली. आई आजारी पडली तेव्हा भाऊजी वाटेवर होते. एका रात्रीतच तिचं सगळं संपलं. धाकट्यानं एकट्यानं सगळं केलं. भाऊजी तिसऱ्या दिवशी डोंगर उतरून आले तेव्हा घरात फक्त तिचं रिकामं अंथरूण होतं. त्या दिवशी दारातच दोघांची जुंपली. धाकटा म्हणाला, मी मुक्कामघरात निरोप ठेवला होता, तू आला नाहीस. भाऊजी म्हणाले, मी त्याच घरात होतो, मला कुणी अक्षर सांगितलं नाही, तू निरोप धाडलाच नसशील. एवढंच बोलणं झालं. पण ते बेकरीतल्या नोकरांसमोर, शेजाऱ्यांसमोर झालं, आणि त्यानंतर दोन्ही घरांच्या तोंडाला कुलूप लागलं.

ते कुलूप उघडायला निघाली ती धाकट्याची मुलगी. तिला सगळे ठकी म्हणतात, आता तिलाच मूल झालं तरी. ताई-भाऊजींना मूलबाळ नाही. ठकी लहानपणी भाऊजींच्या खांद्यावरच वाढली. तिचं सासर डोंगरापलीकडच्या गावात, आणि ते गाव नेमकं भाऊजींच्या लाडक्या वाटेच्या शेवटाला. तिनं दोघांनाही कळवलं, बाळ बघायला सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं, आणि जो येणार नाही त्यानं नंतर बाळाचा फोटोसुद्धा मागायचा नाही. मुलगी बापासारखीच हट्टी आहे, आणि काकासारखीही.

धाकटा "येतो" म्हणाला. भाऊजीही "येतो" म्हणाले, पण पुढं जोडलं, "चालत येतो."

ताईनं मला फोन केला. "तू त्याच्याबरोबर जा."

"मी? ताई, तुझ्या भावाचं वजन किती आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे म्हणूनच जा. तू बरोबर असलास की तो पळू शकणार नाही. गेल्या आठवड्यापासून हा माणूस नीट जेवत नाहीये. तो दारापर्यंत जाईल आणि तिथून परत फिरेल, मला माहितीये. त्याला दाराच्या आत घाल, मग तू मेलास तरी चालेल."

सख्खी बहीण आहे, बरं का. ती आणि माझी बायको आदल्या दिवशी माझ्याच गाडीतून, गाणी ऐकत पुढं गेल्या. मी भाऊजींबरोबर पहाटेच्या बसनं वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर उतरलो. रात्रभर पाऊस पडून गेला होता.

पहिला तास बरा गेला, हे मी कबूल करतो. झाडांवरून थेंब टपकत होते, हवा स्वच्छ होती, आणि वाट उताराची होती. मी गिऱ्हाइकांच्या पायांविषयी बोलत होतो. आमच्या धंद्यात माणूस आधी पायांनी कळतो, चेहरा मागाहून बघायचा. भाऊजी "हं, हं" करत होते. त्यांचे ओठ मात्र अधूनमधून हलत होते. पाठांतर विसरलेला मुलगा वर्गात उभा राहिल्यावर जसा पुटपुटतो, तसे ते काहीतरी जुळवत होते. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाले, "काही नाही, वाक्य नीट बसत नाहीये."

मग कुरण लागलं. ओढ्यावरची फळी रात्रीच्या पाण्यात वाहून गेली होती, आणि पलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर गुरांनी तुडवलेला काळा चिखल. कुंपणाजवळ एक शेतकरी तारा ठीक करत उभा होता. तो म्हणाला, "अहो, इकडून कुठं? मागं वळा, डांबरी रस्ता धरा. थोडा वळसा पडेल, पण दुपारी गावात पोचाल."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. भाऊजींनी विचारलं, "त्या रस्त्यावर मुक्कामघर लागतं का?"

"छे. ते कुरणाच्या पलीकडं."

"मग आम्ही इकडूनच जातो."

मी त्यांच्यापुढं उभा राहिलो. "भाऊजी, आज कसला निरोप? ज्यांच्याकडून निरोप यायचा ती सगळी माणसं त्या गावात बसून चहा पिताहेत!"

त्यांनी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि ते ओढ्यात उतरले.

चिखल दोन जातींचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. एक घसरवतो, दुसरा धरून ठेवतो. पहिल्यानं मला दोनदा बसवलं. दुसऱ्यानं तर अब्रूच काढली. जन्मभर मी गिऱ्हाइकांना छातीवर हात ठेवून सांगत आलो की या बुटांत पाणी शिरत नाही. शिरतं. वरून शिरतं आणि मग बाहेर जायचं नाव घेत नाही. कुरणाच्या मधोमध माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. ओढला तर पाय वर आला, बूट आतच राहिला. मी एका पायावर बगळ्यासारखा उभा, मोजा थबथबलेला, आणि लांबून एक गाय रवंथ करत माझ्याकडे टक लावून बघतेय.

"तिथंच थांब. हलू नकोस," भाऊजी म्हणाले. ते परत आले, अंगातला रेनकोट काढून चिखलावर पसरला, त्यावर चक्क पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात घालून माझा बूट चाचपू लागले. साठी ओलांडलेला माणूस. गाल चिखलाला टेकलेला. बूट निघाला तेव्हा असा काही आवाज झाला की गाय दचकून मागं सरली. मला हसू आवरेना. भाऊजीही हसले. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच हसू.

मुक्कामघर म्हणजे दगडी जोत्यावरची दोन खोल्यांची बैठी इमारत. बाहेर बाकडं, बूट खरवडायला जमिनीत उभी रोवलेली लोखंडी पट्टी, आत शेगडी आणि भिंतीला लावून झोपायच्या फळ्या. राखणदार बाई बटाटे सोलत बसली होती. आम्हाला बघून तिनं आधी जमिनीकडे बोट केलं, म्हणजे आत यायचं नाही, आणि मग बाहेर चहा आणून दिला. भाऊजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "माझ्यासाठी काही निरोप?"

"निरोप? नाही हो. कुणाचा यायचा होता?"

"कुणाचा नाही."

बाई आत गेली. मी बाकड्यावर बसून मोजे पिळत होतो आणि माझा संयम त्या पाण्याबरोबर गळत होता. "झालं समाधान? यासाठी मी माझा उजवा घोटा गमावला? भाऊजी, एकदा मला सांगून टाका, हा काय प्रकार आहे. नाहीतर मी ताईला सांगतो की तुम्हाला डॉक्टरला दाखव."

ते काठीनं बुटाच्या खाचांतला चिखल काढत होते.

"तुला सांगतो," ते म्हणाले. "आधी कुणाला तरी सांगून बघायला हवंच आहे, तोंडातून निघतं का ते. तू मध्ये बोलू नकोस."

मी मध्ये बोललो नाही. असं सहसा होत नाही.

आई होती तेव्हा त्यांचा तिच्याशी एक ठराव होता. ती या चालण्याला घाबरायची. मग निघण्यापूर्वी ते तिच्याजवळ बसून सांगत, आज रात्री या घरात, उद्या त्या घरात. ती ते तोंडपाठ करायची. कुणी विचारलं, मोठा कुठं आहे, तर डोळे मिटून सांगायची, आज खालच्या घरात असेल, जेवला असेल आता. जे सांगितलं तिथंच झोपायचं, हा तिला दिलेला शब्द. मोबाइल तेव्हा डोंगरात चालत नसे. दर मुक्कामघरात एकेक साधा फोन होता, तेवढाच.

"त्या दिवशी खालच्या घरापाशी मी दुपारीच पोचलो," भाऊजी सांगू लागले. "ऊन छान होतं. पाय हलके होते. आदल्या रात्री दोघं जण भेटले होते, तरणीताठी पोरं. म्हणत होती, आम्ही एका दिवसात दोन मुक्काम करतो. माझ्या डोक्यात ते बसलं. म्हटलं, आपणही करून बघू. घर समोर दिसत होतं. धूर निघत होता. मी आत गेलोच नाही, बाहेरून निघालो. संध्याकाळी वरच्या घरात पोचलो तेव्हा तिथल्या सगळ्यांना सांगितलं, मी आज दोन मुक्काम केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

आत शेगडीवर काहीतरी उकळत होतं.

"धाकट्याचा फोन खालच्या घरात आला होता, हे मला मागाहून तिथं कळलं. आईनंच त्याला सांगितलं असणार, आज तो खाली आहे. बरोबर घर, बरोबर वेळ. निरोप तिथं माझी वाट बघत बसला, आणि मी वर टाळ्या घेत होतो."

"पण मग तुम्ही दारात म्हणालात ना, की तुम्ही त्याच घरात..."

"खोटं बोललो. आईचं रिकामं अंथरूण समोर, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. तिला दिलेला शब्द मी टाळ्यांसाठी मोडला, हे मला म्हणवेना. त्याच्यावर ढकललं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जन्मभर परक्या माणसांना सांगत आलो, मी इथंच आहे, कुठं जात नाही. आणि आईला सांगितलं त्या जागी नव्हतो."

मग मी जे बोललो ते दुकानदार बोलतो तसं बोललो. म्हटलं, भाऊजी, झालं ते झालं. सहा वर्षांनी माणसं एका छपराखाली येताहेत. ठकीनं जिवाचं रान केलंय. आता हे उकरून काढलंत तर त्या पोरीच्या घरात आजच्या दिवशी स्फोट होईल. धाकटा स्वतःहून येतोय, याचा अर्थ त्यानं सोडून दिलंय. तुम्हीही सोडा. बाळाला मांडीवर घ्या, चहा प्या, घरी चला. काही गोष्टी माणसानं गिळून टाकायच्या असतात.

"गिळून बघितलंय," ते म्हणाले. "उतरत नाही."

पुढच्या वाटेवर मला राग येत होता. त्यांच्या खोटेपणाचा नव्हे. तो राग मला आजही नीट करता येत नाही. राग याचा होता की हा माणूस इतकी वर्षं प्रत्येक मुक्कामघरात जाऊन तोच मार खात होता आणि आम्ही मागून हसत होतो.

गाव आलं तेव्हा ऊन कलतं होतं. दोन्ही बाजूंना बैठी घरं, दारांपुढं सायकली, एका खिडकीत वाळत घातलेले बाळाचे लंगोट. तेवढ्यावरून घर कळलं. भाऊजी फाटकापाशी थांबले. एक पाऊल मागं घेतलं. ताईनं सांगितलेलं अगदी तसंच. मी त्यांच्या पाठीशी उभाच होतो, आणि माझं वजन त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं.

दार ठकीनं उघडलं. "अगं बाई! काका, तुम्ही कुठल्या खड्ड्यातून आलात?" ती हसायला लागली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. तिच्यामागं ताई, माझी बायको, जावई, आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, धाकटा. तो वाळला होता. बेकरीच्या भट्टीपाशी उभं राहून त्याच्या भुवयांचे केस पूर्वीपासूनच विरळ. आता डोक्यावरचेही गेले होते. कडेवर बाळ होतं.

धाकट्यानंच बाळ ठकीकडे दिलं आणि दोन पावलं पुढं आला.

"ये दादा," तो म्हणाला. आवाज बसका होता; घरून ठरवून आलेलं बोलत असावा. "आधी मला बोलू दे. मी या सगळ्याचा खूप विचार केला. त्या दिवशी घाई होती, आईला धाप लागली होती, मी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं फोन लावला. मी बहुतेक चुकीच्या घराला लावला असेल. खालचं, वरचं, माझा गोंधळ झाला असेल. पुढच्या वर्षी तिथं फोन करून विचारलंही मी, पण राखणदार बदललेला. तर चूक माझीच धरून चालू. मिटवून टाकू."

ताईनं "हुश्श" केलेलं मला ऐकू आलं. ठकीचा चेहरा उजळला. मी मागून भाऊजींच्या पाठीला चिमटा काढला, चांगला कचकचीत. अशी संधी सात जन्मांत येत नाही. समोरचा माणूस आपली चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभा आहे. फक्त मान हलवायची होती.

भाऊजी पायरीवरच उभे होते. अंगावरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"तू बरोबर घराला फोन केलास," ते म्हणाले. "खालच्याच. मीच तिथं नव्हतो."

"म्हणजे?"

"मी तिथं थांबलो नाही. दिवस होता, म्हणून पुढं वरच्या घरापर्यंत गेलो. दोन मुक्काम एकदम केले. उगाच. मिरवायला. आणि तुला खोटं सांगितलं की मी तिथंच होतो. सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं. तुझं काही चुकलं नव्हतं."

सकाळपासून ते जुळवत होते ती वाक्यं बहुतेक याहून बरी असणार. पण निघाली ती ही.

ताईनं तोंडावर हात ठेवला. तिलाही ठाऊक नव्हतं. जावई बिचारा कुठं बघावं ते न कळून दाराच्या कडीकडे बघत राहिला. मी मनातल्या मनात दहा आकडे मोजत स्फोटाची वाट बघत होतो.

धाकटा ओरडला नाही. तो जिथं होता तिथं, बूट ठेवायच्या बुटक्या बाकावर बसला.

"त्या रात्री ती सारखी विचारत होती," तो म्हणाला. कुणाशी बोलत होता कळत नव्हतं. "कळवलंस ना त्याला? मी म्हणायचो, कळवलंय, येतोय तो. पुन्हा विचारायची. मी पुन्हा सांगायचो. शेवटी डोळे मिटले तेही माझं हेच ऐकून. आणि मग तू म्हणालास, तू तिथंच होतास. पहिल्यांदा मला राग आला. मग हळूहळू वाटायला लागलं, मीच चुकलो असेन. म्हणजे ती मरत होती आणि मी तिला खोटं सांगत होतो. पहाटे भट्टी पेटवायला उठलो की रोज पहिलं डोक्यात हेच. रोज, दादा." त्यानं तळव्यांनी चेहरा झाकला. "मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. मी कळवलं होतं."

"कळवलं होतंस," भाऊजी म्हणाले.

धाकटा रडला. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं. ठकी बाळाला घेऊन तशीच त्याच्याजवळ खाली बसली. भाऊजींनी पुढं यायला पाय उचलला, तसा त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचा उचललेला पाय पुन्हा पायरीवर आला. मी आयुष्यात कित्येकांना उभं राहिलेलं पाहिलंय, तो माझा धंदाच आहे. पण असं उभं राहिलेलं कुणाला पाहिलं नव्हतं. काही गोष्टी गिळून टाकायच्या असतात, असं मी या माणसाला दुपारी सांगितलं होतं. त्यांनी माझं ऐकलं असतं तर धाकटा चूक पदरात घेऊन घरी गेला असता आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा भट्टीसमोर उभा राहिला असता. मला माझीच लाज वाटली.

बऱ्याच वेळानं धाकटा उठला, नाक पुसलं. "आत घ्या त्याला," तो ठकीला म्हणाला. "अंघोळीला पाणी काढ. पण आज त्यानं माझ्याशी बोलायचं नाही. मला जमणार नाही."

भाऊजींनी मान हलवली आणि आत आले.

त्या संध्याकाळी जेवायला आम्ही सगळे एकाच टेबलाशी बसलो. टेबल लहान, माणसं जास्त, कोपराला कोपर लागत होतं. भाऊजी अंघोळ करून जावयाचा सदरा घालून बसले होते. बाह्या त्यांना आखूड पडत होत्या. धाकटा त्यांच्या बरोबर समोर. माझ्या बायकोनं सूप चांगलं झाल्याचं चार वेळा सांगितलं. मी चिखलाची, बुटाची आणि गाईची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. लोक हसले, पण मोजून. ठकीनं बाळ भाऊजींकडे द्यायला म्हणून उचललं, बापाकडे पाहिलं, आणि पुन्हा स्वतःच्याच मांडीवर घेतलं. भाऊजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

धाकटा त्या ताटाकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला.

"त्यांना विचारा," तो मला म्हणाला, जणू भाऊजी शेजारच्या गावी होते. "त्या रात्री त्या वरच्या घरात जेवायला मिळालं होतं का."

असला प्रश्न मी कसा पोचवणार? पण भाऊजींनी ऐकलं होतं. खोटं बोलणं सोपं होतं. नुसतं "आठवत नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी माझ्याकडेच बघत उत्तर दिलं.

"मिळालं. पोटभर. आणि झोपही छान लागली."

ताईचा चमचा ताटावर वाजला. धाकट्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग त्यानं मान वर केली.

"तेही विचारत होती ती," तो म्हणाला. "जेवला असेल का तो, म्हणून. मला सांगता येत नव्हतं."

हे मात्र तो मला नाही, दादाला म्हणाला.